परक्यांच्या सोबतीनं बरं होणं

१९०५ साली बोस्टनमधल्या गरीब क्षयरोग्याला डॉक्टरकडून मिळण्यासारखं फारसं काही नव्हतं. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती. ऐपत असलेले लोक डोंगरातल्या आरोग्यधामात जाऊन राहत. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंडी, एवढाच तिथला उपचार. ऐपत नसलेले दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये खोकत दिवस काढत. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जोसेफ प्रॅट या तरुण डॉक्टरनं ठरवलं, की रोगी आरोग्यधामात जाऊ शकत नसेल तर आरोग्यधामाची शिस्त त्याच्या घरी न्यायची. पण ती शिस्त एकेकाला समजावत बसायला वेळ पुरेना. म्हणून त्यानं रोग्यांचा वर्गच भरवला.

वर्ग आठवड्यातून एकदा भरे. प्रत्येकाच्या हातात वही असे. ताप किती, खाल्लं काय, आडवं किती तास पडलो, उघड्यावर किती तास काढले, हे सगळं त्यात रोज लिहायचं. झोपायचं गच्चीवर, सज्जात नाहीतर तंबूत, तेही बोस्टनच्या थंडीत. बैठकीत वह्या तपासल्या जात, वजनं सांगितली जात. प्रॅटला करायचं होतं ते एवढंच: थोड्या वेळात जास्त लोकांना शिकवायचं. पण थोड्याच काळात त्याच्या लक्षात आलं, की शिकवण्यापलीकडे इथं आणखी काहीतरी घडतंय. वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या धर्मांची ही माणसं एका समान आजारानं बांधली गेली होती. एकाचं वजन वाढलं की सगळे खूश होत. खचून आलेल्या नवख्याला डॉक्टरच्या दहा वाक्यांपेक्षा शेजारी बसलेला, आपल्यासारखाच खंगलेला आणि आता सावरलेला माणूस जास्त धीर देई. प्रॅटनं हे नोंदवून ठेवलं, आणि पुढच्या आयुष्यात तो मनाच्या दुखण्यांसाठीही असेच वर्ग चालवू लागला.

ग्रुप थेरपीच्या इतिहासाचं पहिलं पान बहुतेक पुस्तकांमध्ये हेच असतं. मला ते विलक्षण वाटतं, कारण मूळ शोध चुकून लागला. डॉक्टर वेळ वाचवायला गेला आणि माणसांना माणसं मिळाली.

आज ग्रुप थेरपीचा नेहमीचा गट लहान असतो. सात-आठ खुर्च्या वर्तुळात, एक किंवा दोन थेरपिस्ट, आठवड्यातून एक बैठक, साधारण दीड तासाची. कुणाला नैराश्य आहे, कुणाला माणसांत मिसळायची भीती, कुणाचं लग्न मोडलंय, कुणाला खाण्यावर ताबा ठेवता येत नाही. बाहेर ही माणसं एकमेकांना भेटलीही नसती. आता साधा विचार केला तर हा बेत फसायलाच हवा. जो स्वतः बुडतोय तो दुसऱ्याला काय वाचवणार? आठ दुःखी माणसं एका खोलीत बसवली तर दुःख आठपट व्हायला हवं. तसं होत नाही. एकच उपचार एकट्याला देऊन आणि गटात देऊन जिथं जिथं तुलना झाली, तिथं एकूण हिशेबात गट मागे पडलेला नाही. मग गटात असं काय असतं, की थेरपिस्टचा वेळ आठ जणांत विभागला गेला तरी कुणाचं नुकसान होत नाही?

संशोधक ज्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवतात ती म्हणजे गटातला एकोपा. सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यानं १९५० साली त्याची व्याख्या केली ती जवळपास भौतिकशास्त्राच्या भाषेत: सभासदांना गटात टिकवून धरणाऱ्या सगळ्या बलांची बेरीज. व्याख्या कोरडी आहे, पण तिच्यामागचा अनुभव कोरडा नाही. इथं माझी वाट पाहिली जाते, मी नसलो तर खुर्ची रिकामी दिसते, माझ्याबद्दलची सर्वांत वाईट गोष्ट ऐकूनही हे लोक उठून गेले नाहीत, असं वाटणं म्हणजे एकोपा.

ती 'सर्वांत वाईट गोष्ट' नेमकी काय असते, यावर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी एक साधा प्रयोग बऱ्याच गटांमध्ये केला. प्रत्येकानं कागदावर, नाव न घालता, असं एक गुपित लिहायचं जे या गटात सांगायची आपली सर्वांत कमी तयारी आहे. कागद गोळा करून वाचायचे. लोकांच्या आयुष्यांत किती फरक, पण गुपितं मात्र आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघाली. सर्वांत जास्त कागदांवर एकच कबुली होती: मी मुळात नालायक आहे, लोकांना खरा मी कळलो तर माझं पितळ उघडं पडेल. त्याखालोखाल होतं एकटेपण, मला कुणावर खरं प्रेम करता येत नाही असं वाटणं. तिसऱ्या क्रमांकावर लैंगिक आयुष्यातलं काहीतरी. जे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं समजून माणूस वर्षानुवर्षं झाकत होता, ते शेजारच्या तिघांच्या कागदांवर जवळपास त्याच शब्दांत होतं. गटातली पहिली गाठ बहुतेकदा इथं बसते.

यालोम यांचं 'द थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ ग्रुप सायकोथेरपी' हे १९७० साली आलेलं पुस्तक या क्षेत्राचा पाया मानलं जातं. गटातून बरं होऊन बाहेर पडलेल्या २० लोकांना यालोम आणि सहकाऱ्यांनी ६० चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर उपयोगी पडलेली एकेक गोष्ट. त्या महत्त्वाप्रमाणे लावायच्या होत्या. चिठ्ठ्यांचे बारा गट पाडले होते. वर काय आलं? इतर सभासदांकडून कळलेलं स्वतःचं रूप, मन मोकळं होणं, एकोपा आणि स्वतःची समज. सल्ला आणि मार्गदर्शन गेलं बारापैकी अकराव्या जागी. थेरपिस्ट होण्यासाठी वर्षानुवर्षं शिकणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावून ठेवावा असं मला वाटतं. लोकांना सांगितलं काय गेलं यापेक्षा त्यांना कुणामध्ये बसायला मिळालं, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

पण बरं झालेल्यांच्या आठवणी हा काही पक्का पुरावा नव्हे. बऱ्या झालेल्या माणसाला मागे वळून सगळंच गोड दिसतं. म्हणून एकोपा मोजायचे वेगवेगळे मार्ग शोधले गेले. एक मार्ग प्रश्नावलीचा: बैठकीनंतर प्रत्येकजण कागदावर नोंदवतो, की आज लोक एकमेकांत गुंतले होते का, टाळाटाळ झाली का, खटके उडाले का. दुसरा मार्ग मला जास्त मोहवतो. बोस्टनचे सायमन बडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पमुदतीच्या गटांच्या बैठकी व्हिडिओवर चित्रित केल्या, आणि गटाशी काहीही संबंध नसलेल्या प्रशिक्षित निरीक्षकांना त्या पाहायला लावल्या. कोण कुणाकडे वळून बोलतोय, बोलणं वरवरचं आहे की आतलं, लोक एकमेकांचं ऐकतायत की आपापली पाळी येण्याची वाट बघतायत, यावर निरीक्षकांनी गुण दिले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या गुणांचा आणि सभासदांच्या सुधारणेचा घट्ट संबंध दिसला, विशेषतः बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या एकोप्याचा. गट कसा सुरू होतो, एवढं पाहूनही बाहेरच्या माणसाला पुढचा अंदाज बांधता येत होता.

एकेका अभ्यासानं समाधान होत नाही, म्हणून गॅरी बर्लिंगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे विखुरलेले अभ्यास एकत्र करून त्यांचा एकच हिशेब मांडला. २०१८ सालच्या त्यांच्या विश्लेषणात ५५ अभ्यास आणि ६,०५५ रुग्ण होते. एकोपा आणि सुधारणा यांच्यातला सहसंबंध निघाला ०.२६. या मापात ० म्हणजे काहीच नातं नाही, आणि १ म्हणजे एक कळलं की दुसरं तंतोतंत कळलं. ०.२६ ऐकायला किरकोळ वाटतं. तो आकडा जरा उलगडून पाहू. समजा, सगळ्या रुग्णांचे एकोपा जास्त वाटलेले आणि कमी वाटलेले असे दोन सारखे भाग केले. ढोबळ हिशेबानं, पहिल्या भागातल्या दर शंभरांपैकी साधारण ६३ जण सुधारणेत सरासरीच्या वर असतील आणि दुसऱ्या भागातले ३७. एवढा फरक दाखवणारं औषध असतं तर आपण त्याचं नाव पाठ केलं असतं.

याहून मोठं नवल पुढं आहे. एकास एक चालणाऱ्या मनोपचारात सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली गोष्ट म्हणजे रुग्ण आणि थेरपिस्ट यांचं नातं. २०१८ सालीच, २९५ अभ्यास आणि ३०,०००हून जास्त रुग्ण एकत्र घेऊन त्या नात्याचा आणि सुधारणेचा सहसंबंध काढला गेला. तो आला सुमारे ०.२८. म्हणजे ज्या नात्याला मनोपचाराचं हृदय म्हणतात त्याचं वजन आणि गटातल्या एकोप्याचं वजन जवळपास सारखं. एका बाजूला वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतलेला एक तज्ज्ञ. दुसऱ्या बाजूला कसलंही प्रशिक्षण नसलेले, स्वतःच गांगरलेले सात-आठ परके लोक. बरं होण्याशी दोघांचं नातं जवळजवळ तेवढंच पक्कं.

इथं चोखंदळ वाचकानं अडवायलाच हवं. एकोप्यामुळे माणूस सुधारतो, की सुधारू लागलेल्या माणसाला गट आवडू लागतो? नैराश्य उतरायला लागलं की सगळं जग जरा प्रेमळ दिसतं, मग गटही दिसणारच. नुसत्या सहसंबंधातून बाणाची दिशा कळत नाही. सुरुवातीच्या बैठकींतला एकोपा आणि शेवटची सुधारणा यांची सांगड घालणारे अभ्यास, किंवा बडमन यांच्यासारखे बाहेरच्या निरीक्षकांवर विसंबलेले अभ्यास ही शंका बरीच कमी करतात, पूर्ण पुसून टाकत नाहीत. माझं मत असं, की बाण दोन्हीकडे जातो. थोडा आधार मिळाला की माणूस थोडा धीट होतो, धीट होऊन काहीतरी खरं बोलतो, त्या बोलण्यानं बाकीचे त्याच्या जवळ येतात, आणि आधार वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की कुठलं टोक आधीचं हे ठरवण्यात फार अर्थ उरत नाही. कोणत्या बैठकीत ते फिरू लागलं, हे शोधण्यात मात्र खूप अर्थ आहे.

मग एकोपा आतून करतो तरी काय? प्रेमळ वातावरणात छान वाटतं, एवढंच असतं तर ते चहापानाच्या कार्यक्रमातही मिळालं असतं. गावाकडे मुलांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुकलेला भोपळा बांधायचे. भोपळा पोहत नाही. हातपाय पोरालाच मारावे लागतात. पण भोपळा आहे म्हणूनच ते पायरीचा दगड सोडून खोल पाण्यात जायला तयार होतं. गटातल्या एकोप्याचं काम हे आहे. एरवी जे सहनच झालं नसतं ते ऐकायला आणि बोलायला तो माणसाला तयार करतो.

एक काल्पनिक, पण गट चालवणाऱ्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. पन्नाशीचा एक गृहस्थ दर बैठकीत सांगतो, की घरात मला कुणी विचारत नाही, मुलगा बोलत नाही, बायको तुटक वागते. एकट्या थेरपिस्टसमोर ही कहाणी महिनोन्‌महिने चालू शकते, कारण थेरपिस्टला फक्त त्याची बाजू ऐकू येते. गटात काही आठवड्यांत ते घर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं, कारण गृहस्थ इथंही तसाच वागू लागतो. दुसरा बोलू लागला की तो मध्येच तोडतो, रडणाऱ्याला लगेच उपाय सांगतो. मग एके दिवशी मुलाच्या वयाची एक मुलगी म्हणते, "काका, तुम्ही माझं वाक्य कधीच पुरं होऊ देत नाही. मला तुमच्याशी बोलावंसं वाटतं, पण मग नकोच वाटतं." पहिल्या बैठकीत हे ऐकलं असतं तर तो उठून गेला असता. पंधराव्या बैठकीत तो बसून राहतो, कारण याच मुलीनं गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांच्या आजारपणाची चौकशी केली होती. इथं कुणी त्याला हरवायला बसलेलं नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो विचारतो, "खरंच असं करतो मी?" आणि सहा माना हलतात. सहा जणांचं एकमत उडवून लावणं सोपं नसतं. थेरपिस्टचं मत 'त्याचं कामच आहे ते' म्हणून बाजूला सारता येतं. सहा समदुःखी लोकांचं नाही.

एकोपा म्हणजे गोडीगुलाबी हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ज्या गटात कधीच कुणी चिडत नाही तो गट बहुधा घाबरलेला असतो. 'फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग' ही चार टप्प्यांची मांडणी आज कंपन्यांच्या प्रशिक्षणांत सगळीकडे ऐकू येते. ती ब्रूस टकमन यांनी १९६५ साली मांडली तेव्हा त्यांनी चाळलेल्या ५० लेखांमध्ये मोठा वाटा उपचारगटांवरच्या लेखांचा होता. मॅनेजर लोकांनी पाठ केलेलं ते सूत्र रुग्णांच्या वर्तुळातून आलंय. वादळाचा टप्पा त्यात अपघातानं आलेला नाही. नातं तुटणार नाही याची खात्री वाटली तरच माणूस भांडायचं धाडस करतो, आणि भांडूनही नातं टिकलं की ती खात्री आणखी पक्की होते. अनेकांच्या आयुष्यात असं आधी एकदाही घडलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट गटातच घडू शकते. वर्षानुवर्षं रुग्ण म्हणून जगलेल्या माणसाला फक्त घ्यायची सवय झालेली असते: औषध, सल्ला, कीव. गटात एखाद्या दिवशी त्याच्याच बोलण्यानं दुसऱ्या कुणाला हायसं वाटतं. आपणही कुणाच्या उपयोगी पडू शकतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. एकट्याच्या थेरपीत ही संधी नाही. तिथं मदत करणारा एक आणि घेणारा एक, जागा ठरलेल्या.

हा एकोपा जन्माला कसा येतो? हुकुमानं येत नाही, याचं सुंदर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी इस्पितळात युद्धानं मन मोडलेले सैनिक येत. १९४३ मध्ये विल्फ्रेड बिऑन आणि जॉन रिकमन या मानसोपचारतज्ज्ञांनी तिथल्या एका विभागाला स्वतःचा कारभार स्वतः पाहायला लावलं. तो प्रयोग सहा आठवड्यांत बंद पाडला गेला. पण पुढं सिगमंड फौक्स, टॉम मेन, हॅरोल्ड ब्रिजर यांनी तिथंच गटांचं काम नव्यानं उभं केलं. ब्रिजर यांनी एक अख्खा वॉर्ड रिकामा करवला आणि त्याला 'हॉस्पिटल क्लब' असं नाव दिलं. आत काहीच ठेवलं नाही. टेबल नाही, खेळ नाहीत, कार्यक्रम नाही. सैनिक येत, पाहत, परत जात. शेवटी ते वैतागले: युद्धाचे दिवस, जागेची एवढी टंचाई, आणि ही खोली अशी वाया? ब्रिजर यांनी त्या वैतागलेल्यांनाच बोलावलं आणि विचारलं, मग काय करायचं? क्लब तिथून उभा राहिला, सैनिकांचा स्वतःचा. तयार करून हातात दिला असता तर तो इस्पितळाचाच राहिला असता. ती रिकामी खोली भरायची घाई न करण्यात केवढी समज होती!

आजचे अभ्यास याच दिशेनं बोलतात. थेरपिस्ट स्वतःच मध्यभागी बसून एकेकाशी बोलत राहिला तर तो गटाच्या देखत चालणारा एकट्याचा उपचार होतो. तो सभासदांना एकमेकांशी बोलतं करतो तिथं एकोपा आणि सुधारणा यांचं नातं जास्त घट्ट दिसतं. बर्लिंगेम यांच्या २०११ सालच्या विश्लेषणात पाच ते नऊ जणांच्या आणि बारापेक्षा जास्त बैठकी चाललेल्या गटांमध्ये हे नातं सर्वांत ठळक होतं. हे समजण्यासारखं आहे. तिघांत लपायला जागा नसते, वीसजणांत फार असते. आणि परका माणूस आपला व्हायला जो वेळ लागतो तो कमी करण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. माणसं निवडून घेणं, येण्याआधी प्रत्येकाशी बोलून गट कसा चालतो ते समजावणं, खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं हा नियम कसोशीनं पाळणं, या साध्या दिसणाऱ्या कामांवर अनुभवी थेरपिस्ट एवढा वेळ घालवतात तो त्यासाठीच.

एकोप्याला काळी बाजूही आहे, आणि ती लपवणं वाचकाशी अप्रामाणिकपणाचं होईल. स्टॅन्ली शाख्टर यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका चर्चागटात मुद्दाम सगळ्यांच्या विरुद्ध मत धरून बसणारा माणूस पेरला होता. गट जितका एकजीव, तितकं त्या माणसाला दूर लोटणं जास्त. आपलेपणाची ऊब आणि वेगळ्याला बाहेर काढण्याची ओढ एकाच मुळातून येतात. स्टॅनफर्डमध्ये मॉर्टन लीबरमन, यालोम आणि मॅथ्यू माइल्स यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस गाजत असलेल्या 'एन्काउंटर ग्रुप'चा, म्हणजे मन उघडं करण्यासाठी भरवलेल्या गटांचा, अभ्यास केला. २१० विद्यार्थी, १८ गट. १९७३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष झोप उडवणारा होता: सोळा जणांना गटामुळे टिकाऊ मानसिक इजा झाली होती. सर्वांत जास्त इजा झाल्या त्या तडफदार, प्रभावी, लोकांना झपाट्यानं उघडं पाडणाऱ्या नेत्यांच्या गटांमध्ये. ज्या नेत्यांच्या गटांना खरा फायदा झाला त्यांच्यात माया भरपूर होती, घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावून देण्याचं कसब होतं, आणि भावना ढवळण्याचा सोस बेताचा होता. 'दोन दिवसांत आयुष्य बदला' अशा जाहिराती करणारी शिबिरं आपल्याकडेही भरतात. तिथं नाव नोंदवण्याआधी या सोळा जणांची आठवण ठेवावी.

एकोप्याकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा धडा एका दुसऱ्या कहाणीत आहे. डेव्हिड स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी स्तनांचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या काहींना नेहमीच्या वैद्यकीय उपचारांच्या जोडीला वर्षभर दर आठवड्याला गटात बसवलं. बायका मरणाबद्दल उघड बोलत, गेलेल्या मैत्रिणीसाठी एकत्र रडत, वेदना कमी करण्यासाठी आत्मसंमोहन शिकत. १९८९ साली 'द लॅन्सेट'मध्ये निकाल आला: गटात बसलेल्या स्त्रिया अभ्यासात दाखल झाल्यापासून सरासरी ३६.६ महिने जगल्या, गटात नसलेल्या १८.९ महिने. जग थक्क झालं. मग तोच प्रयोग पुन्हा केला गेला. २००१ साली कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २००७ साली खुद्द स्पीगेल यांनी १२५ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासातही एकूण आयुष्य वाढलं नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. पण कॅनडातल्या त्या अभ्यासात एक गोष्ट टिकून राहिली: गटातल्या स्त्रियांची वेदना आणि मनाची तगमग कमी झाली होती, आणि सुरुवातीला ज्यांचा त्रास जास्त त्यांना फायदाही जास्त. इतरांना मरताना पाहून रुग्ण खचतील ही भीती खोटी ठरली. गटानं मरण लांबवलं नाही. मरणाच्या वाटेवरचं एकटेपण मात्र त्यानं कमी केलं. मला हा निकाल पहिल्याहून लहान वाटत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट सर्वांत ओळखीची आहे ती व्यसनमुक्तीच्या कामातून. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. शब्दशः पाहिलं तर ती थेरपी नाही, तिथं थेरपिस्टच नसतो. पण नातं जवळचं आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीच्या आधारावर मुक्तांगण सुरू केलं. तिथंही बरा झालेला मित्र हा उपचाराचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. व्यसनी माणसाला आपण गटात बसवतो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. नैराश्य, भीती, शोक यांच्यासाठी मात्र आपल्याकडे गट म्हणजे एकट्याच्या थेरपीची फी ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठीची सोय, असं अजून समजलं जातं. हाती असलेला पुरावा या समजाच्या विरुद्ध आहे.

तेव्हा तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञानं गट सुचवला, तर त्याला दुय्यम उपचार समजून नाकारू नका. गट किती जणांचा आहे, किती आठवडे चालणार, चालवणाऱ्याचं प्रशिक्षण काय, तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही याची काय व्यवस्था आहे, हे आधी खुशाल विचारा. पहिल्या दोन-तीन बैठकींत अवघडल्यासारखं होईल, सगळे परके वाटतील, उठून जावंसं वाटेल. तेवढ्यावर गट सोडू नका. निदान बारा बैठकी द्या.